शाळेची चावी कुणाकडे आहे?

उन्हाळी क्रिकेट स्पर्धेचं पत्रक हातात घ्या. प्रवेश फी किती, पहिलं बक्षीस कुणाच्या सौजन्यानं, सामना किती षटकांचा, चेंडू कोणता, संघ उशिरा आला तर काय, बाहेरगावचा खेळाडू खेळवला तर काय, सगळं छापलेलं असतं. खाली ठळक अक्षरांत ‘पंचांचा निर्णय अंतिम राहील’. ढग गडगडायला लागले तर काय करायचं, याची ओळ बहुतेक पत्रकांत नसते. भांडण कसं मिटवायचं हे आपण आधी ठरवतो आणि मैदानावरच्या दोन-अडीचशे माणसांचा जीव त्या वेळी सुचेल त्यावर सोडतो.

या आठवड्याचं सदर त्या राहून गेलेल्या ओळीसाठी आहे. जाफराबादच्या प्रत्येक आयोजक मंडळानं ते वाचावं, अशी माझी विनंती आहे. विनंती सौम्य वाटत असेल तर आग्रह समजा.

आधी वेळ पाहू. जाफराबाद शहर असो, टेंभुर्णी असो की माहोरा, आपल्याकडे टेनिस बॉलच्या स्पर्धा रंगतात त्या एप्रिल-मेमध्ये. पिकं निघालेली असतात, वावर रिकामं असतं, पोरं परीक्षेतून सुटलेली असतात आणि पुण्याला, संभाजीनगरला कामाला गेलेले गावी आलेले असतात. वळवाचा हंगामही हाच. सकाळपासून तापलेल्या काळ्या जमिनीवरची हवा दुपारी वर उसळते. वर जाताना ती थंड होते, तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं, पाण्याचा बर्फ होतो आणि ढग दहा-बारा किलोमीटर किंवा त्याहूनही उंच चढतो. त्याच्या पोटात बर्फाचे कण आणि गारा एकमेकांवर आदळत राहतात, त्यातून विद्युतभार वेगळा होऊन साठतो. या सगळ्याला दिवसाचे काही तास लागतात, म्हणून वळीव बहुधा दुपार कलल्यावर येतो.

आणि अंतिम सामना आपण कधी ठेवतो? ऊन उतरल्यावर, चारच्या पुढं. प्रमुख पाहुण्यांनाही तीच वेळ सोयीची पडते. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात धोक्याच्या महिन्यांतली सगळ्यात धोक्याची घटका निवडून, सपाट उघड्या जागेवर आपण गाव गोळा करतो.

दुसरा हंगाम परतीच्या पावसाचा, हस्त-चित्रा नक्षत्रांचा. आषाढ-श्रावणाच्या झडीत विजा त्या मानानं कमी असतात, पाऊस परतायला लागला की पुन्हा आभाळ कडाडतं. शाळांच्या मैदानी स्पर्धा, नवरात्रातले कार्यक्रम, कबड्डीचे सामने याच सुमाराला येतात. क्रीडाशिक्षकांनी हा परिच्छेद आपल्यासाठीच लिहिला आहे असं समजावं.

आकडे थोडकेच देतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार देशात विजेनं २०२० मध्ये २,८६२ माणसं गेली, २०२१ मध्ये २,८८० आणि २०२२ मध्ये २,८८७. त्या २०२२ मध्ये निसर्गाच्या कोपानं एकूण ८,०६० मृत्यू नोंदले गेले. म्हणजे पूर, उष्माघात, थंडी, दरडी सगळं धरून त्यातला तिसऱ्या हिश्शाहून मोठा वाटा एकट्या विजेचा. आणि तीन वर्षांत आकडा जागचा हललेला नाही, याची मला जास्त चीड येते.

हा आकडा हलू शकतो. अमेरिकेत १९४० च्या दशकात वर्षाला तीनशे-चारशे माणसं विजेनं जात होती. आता तिथं वर्षाकाठी वीसच्या आसपास जातात, कधी त्याहूनही कमी. शेतावर राबणारी माणसं कमी झाली, घरं पक्की झाली, उपचार सुधारले, हे त्यामागं आहेच. पण नियमही झाले आणि ते पाळले गेले. तिथले २००६ ते २०१९ या वर्षांतले मृत्यू तपासले गेले, तेव्हा निम्म्याहून बरेच जास्त लोक फुरसतीच्या वेळी गेल्याचं दिसलं. मासे धरताना सगळ्यात जास्त, आणि खेळांपुरतं बोलायचं तर फुटबॉलच्या मैदानावर गोल्फपेक्षा जास्त.

आपल्याकडचं चित्र उलटं आहे. इथं वीज पडते ती बहुतेक वेळा कष्टकऱ्यावर. सरकी लावणाऱ्या बाईवर, शेळ्या राखणाऱ्या म्हाताऱ्यावर, सोयाबीनची सुडी झाकायला धावलेल्या शेतकऱ्यावर. आभाळ भरून आलं म्हणून त्यानं काम टाकलं तर वर्षाची कमाई भिजते. त्याला ‘घरी जा’ म्हणणं सोपं आहे, त्याला जाणं अवघड आहे. त्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न मोठा आहे आणि तो या सदरात मावणारा नाही. पण खेळणाऱ्याला कोणती अडचण आहे? सामना उद्या होऊ शकतो. चषक कुठं पळून जात नाही. जिथं थांबण्याचं नुकसान शून्य आहे, तिथं तरी एकही माणूस जाता कामा नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता मैदानावर या.

चार वाजलेत. उत्तरेला, अजिंठ्याच्या डोंगराकडं काळं दिसतंय. इथं अजून ऊन आहे. गडगडाट झाला, पण तो ऐकला कुणी? षटकार बसला की डीजे, चौकार बसला की डीजे आणि मधल्या वेळात समालोचकाचा आवाज दोन कर्ण्यांतून. निसर्गानं फुकट दिलेली एकमेव सूचना आपण स्वतःच्या हातानं बुडवून टाकतो.

ही सूचना वाचायची कशी, हे तिसरीतल्या पोरालाही जमेल. वीज चमकली की मोजायला लागा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो, म्हणजे एका किलोमीटरला तीन सेकंद. चमक आणि गडगडाट यांत तीस सेकंद गेले तर वीज दहा किलोमीटरवर आहे. दहा किलोमीटर म्हणजे लांब, असं वाटतं ना? तिथंच फसगत होते. वीज ढगाच्या कडेपासून दहा-पंधरा किलोमीटर दूरही पडू शकते, जिथं पाऊस नाही आणि डोक्यावर निळं आभाळ आहे अशा जागी. गडगडाट ऐकू येण्याचा टप्पाही साधारण तेवढाच. म्हणून मोजणीची भानगडही नको. गडगडाट कानावर आला म्हणजे आपण टप्प्यात आलो. पावसाचा पहिला थेंब पडेपर्यंत थांबणारा खेळाडू उशीर करतो.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर फुकट मिळतं. आपण उभे आहोत तिथून वीस आणि चाळीस किलोमीटरच्या परिघात विजा पडताहेत का, ते त्यावर कळतं. स्कोअर टाकायला, थेट प्रक्षेपण करायला आपल्याकडे मोबाइल असतो. त्यातला एक मोबाइल एवढ्या कामासाठी बाजूला ठेवावा.

आणि तो मोबाइल धरायला एक माणूस. जो खेळत नाही, पंच नाही, समालोचक नाही. ज्वारी राखायला माणूस ठेवतो तसा आभाळ राखायला एक माणूस. गावातला एखादा निवृत्त गुरुजी चालेल, पोस्टातले काका चालतील. त्यांनी हात वर केला की डीजे बंद आणि खेळ बंद. याच कर्ण्यावरून एकदाच सांगायचं, ‘सगळ्यांनी आत चला’, आणि समालोचकानंही तारेचा माइक खाली ठेवून निघायचं. तारा, जनरेटर, ॲम्प्लिफायर यांना हात लावून बसणं त्या वेळी धोक्याचं असतं.

आत म्हणजे कुठं? इथं खरी अडचण सुरू होते.

आपली पोरं पळतात ती लिंबाखाली. नाहीतर मंडपात, पाहुण्यांच्या खुर्च्या असतात तिथं. नाहीतर पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये. तिन्ही जागा वाईट, आणि पहिली सगळ्यात वाईट. आपल्याला वाटतं, वीज पडते म्हणजे ती थेट माणसाच्या डोक्यावर पडते. थेट डोक्यावर पडून गेलेली माणसं थोडी असतात. झाडावर पडलेली वीज खोडावरून उडी मारून शेजारी उभ्या माणसात शिरते. आणि सगळ्यात जास्त माणसं सापडतात ती जमिनीतून पसरणाऱ्या प्रवाहात. वीज बुंध्याशी उतरते आणि मातीतून चहूकडं फाकते. बुंध्याजवळचा दाब जास्त, दूरचा कमी. दोन पायांत अंतर असलं की प्रवाह एका पायातून वर चढून दुसऱ्यातून उतरतो.

शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. झाडाखाली बांधलेली बैलजोडी जागीच जाते आणि शेजारचा धनी कधी कधी वाचतो, हे या भागानं पाहिलेलं आहे. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत दीड मीटरचं अंतर, त्यामुळं दाबातला फरक मोठा, आणि प्रवाहाच्या वाटेत त्याचं काळीज. लिंबाखाली पंचवीस पोरं एकमेकांना खेटून उभी राहिली तर एका विजेत किती सापडतील, याचा हिशेब करा.

मंडपाचे लोखंडी खांब, वर ताडपत्री, चारी बाजू मोकळ्या. त्यात पाऊस लागत नाही, एवढाच त्याचा उपयोग. पत्र्याच्या उघड्या शेडचंही तेच. पंचायतीच्या किंवा शाळेच्या इमारतीवर वीजरोधक बसवला आहे, मग मैदान सुरक्षित, असा एक समज ऐकू येतो. वीजरोधक इमारतीचं रक्षण करतो. मैदानाच्या मध्यावर उभ्या क्षेत्ररक्षकाला त्याचा काही उपयोग नाही.

चालणाऱ्या जागा दोनच. एक, भिंती-छताची पक्की इमारत, जिच्यात वायरिंग आणि नळाची पाइपलाइन आहे. वीज पडलीच तर ती याच वाटांनी जमिनीत उतरते. म्हणून आत गेल्यावर नळाला, विजेच्या बोर्डाला, भिंतीला चिकटायचं नाही. दोन, पत्र्याच्या टपाची बंद गाडी, काचा वर केलेली. टायरच्या रबराचा इथं संबंध नाही. वीज गाडीच्या पत्र्यावरून बाहेरच्या बाहेर उतरते. संघाला घेऊन आलेली क्रूझर चालेल, एसटी चालेल. उघडा पिकअप, ट्रॅक्टर, मोटारसायकल चालणार नाही.

आता मी शीर्षकातल्या प्रश्नावर येतो. आपल्या कित्येक स्पर्धा होतात शाळेच्या मैदानावर. पक्क्या खोल्या शंभर पावलांवर असतात. आणि मे महिन्यात त्या खोल्यांना कुलूप असतं. चावी मुख्याध्यापकांकडे, मुख्याध्यापक सुट्टीत गावी. अडीचशे माणसांना वाचवणारी भिंत समोर उभी आहे आणि माणसं तिच्या वळचणीला, गळणाऱ्या पन्हाळीखाली, पाठ टेकून उभी आहेत. वळचण म्हणजे निवारा नव्हे. भिंतीच्या बाहेरच्या बाजूला टेकलेला माणूस उघड्यावरच आहे.

मैदानाच्या परवानगीसाठी अर्ज येतो तेव्हा शाळा समितीनं, ग्रामपंचायतीनं, नगरपंचायतीनं एकच अट घालावी. स्पर्धा चालेल तितके दिवस दोन खोल्या उघड्या राहतील आणि चावी मैदानावर हजर असलेल्या अमुक माणसाकडे असेल. त्याचं नाव अर्जात लिहा. खोल्यांत घाण होईल, बाकांवर पोरं चढतील, ही भीती खरी आहे. त्यासाठी आयोजकांकडून अनामत घ्या, झाडलोटीचे पैसे कापा. कुलूप मात्र नको.

आणि स्पर्धा गावाबाहेरच्या वावरात असेल तर? आसपास इमारत नाही, चार गाड्या आणि दीडशे माणसं. मग उत्तर मैदानावर सापडणार नाही, ते सकाळीच शोधावं लागेल. हवामान खात्याचा यलो किंवा ऑरेंज अलर्ट असेल तर दुपारनंतरचा सामना ठेवायचाच नाही. सकाळी सात ते अकरा खेळा. ऊनही कमी लागेल. अंतिम सामना सकाळी ठेवला तर गर्दी कमी जमेल, हे मला मान्य आहे. मग जमू द्या कमी.

उघड्यावर सापडलाच कुणी तर झाडापासून, तारेच्या कुंपणापासून, खांबापासून लांब व्हावं, घोळका मोडावा, इमारतीकडं किंवा गाडीकडं चालत राहावं. आडवं पडू नये. पाय जुळवून उकिडवं बसण्याचा सल्ला शाळेत शिकवतात. त्यानं धोका थोडा कमी होतो, टळत नाही. त्याच्या भरवशावर मैदानात थांबू नये.

पंचांबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत. क्रिकेटच्या कायद्यात, सध्याच्या २०१७ च्या संहितेच्या दुसऱ्या कलमात, हे स्पष्ट आहे. हवामान धोकादायक आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार फक्त दोन पंचांचा. खेळाडूच्या किंवा पंचाच्या सुरक्षेला खरा, आधीच दिसणारा धोका असेल तर त्यांनी खेळ ताबडतोब थांबवायचा. कर्णधारांना विचारायचं नाही, आयोजकांना तर नाहीच नाही.

पण आपल्याकडचा पंच कोण असतो? गावातलाच एखादा विशीतला पोरगा, दिवसाच्या मानधनावर उभा. ‘भाऊ, दोनच ओव्हर राहिल्यात.’ ‘दादा, जिंकत आलोय, आता थांबवतो का?’ पंधरा-वीस जण अंगावर आले की तो काय करणार? कायदा त्याच्या बाजूनं आहे, पण तो मैदानात एकटा पडतो. म्हणून ती ओळ पत्रकात छापलेली हवी. गडगडाट होताच खेळ थांबेल, शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटांनीच सुरू होईल, मधे पुन्हा गडगडला तर तीस मिनिटं पुन्हा पहिल्यापासून. प्रवेश फी भरतानाच दोन्ही कर्णधारांच्या सह्या त्यावर घ्या. मग पंचाला धैर्य दाखवावं लागणार नाही, नुसतं घड्याळ दाखवलं तरी पुरे.

अर्धा तास फार होतो, असं म्हणणाऱ्यांसाठी एक सामना सांगतो. २८ जून २०२५, अमेरिकेतलं शार्लट शहर, क्लब विश्वचषक. चेल्सी एक-शून्यनं पुढं, बेनफिका मागं, नियमित वेळेतली चार-पाच मिनिटं उरलेली. जवळ विजा असल्यामुळं खेळ थांबवला गेला. प्रेक्षकांना आडोशाला जायला सांगितलं. जगभर प्रक्षेपण चालू, कोट्यवधींचा खेळ, आणि सगळे जवळजवळ दोन तास थांबले. त्यानंतर खेळ सुरू झाला, बेनफिकानं पेनल्टीवर बरोबरी साधली, जादा वेळेत चेल्सीनं चार-एकनं सामना जिंकला. म्हणजे थांबल्यानं रंगतही गेली नाही. त्यांना दोन तास परवडतात, तर टेंभुर्णीच्या उपांत्य सामन्याला अर्धा तास परवडत नाही?

उशिरा थांबल्याचं उदाहरणही आहे. ३ नोव्हेंबर २०२४, पेरू देशात वांकायो शहराजवळ दोन स्थानिक संघांचा सामना. वादळ आल्यामुळं पंचांनी खेळ थांबवला होता. खेळाडू मैदानाबाहेर चालत निघाले होते. तेवढ्यात वीज पडली, एक खेळाडू जागीच गेला, बाकीचे कित्येक कोसळले. शिट्टी वाजली होती, पण वादळ पोचल्यावर. त्याच वर्षी फेब्रुवारीत इंडोनेशियातल्या बांडुंगमध्ये भर सामन्यात मैदानावर उभा असलेला फुटबॉलपटू विजेनं गेला.

आपल्या देशातली, खेळाबाहेरची गोष्ट ११ जुलै २०२१ ची. जयपूरजवळ आमेरच्या किल्ल्यासमोरच्या टेहळणी बुरुजावर संध्याकाळी लोक पाऊस बघायला, फोटो काढायला चढले होते. वीज पडली, अकरा माणसं गेली. आपली पोरं पावसाळ्यात अजिंठ्याला, दौलताबादला, गडांवर जातात. कड्यावर, बुरुजावर उभं राहून ढगांबरोबर फोटो काढायची हौस आपल्याकडेही कमी नाही. पूर्णा-केळणेच्या पाण्यात डुंबणाऱ्या पोरांनीही पहिल्या गडगडाटाला काठावर यावं, आणि काठावरच्या बाभळीखाली थांबू नये.

वटपौर्णिमेचंही लिहितो, कुणी गैर मानू नये. ज्येष्ठातली पौर्णिमा म्हणजे जून, मृगाचे दिवस. गावाबाहेरचा सगळ्यात उंच, एकटा वड आणि त्याच्याभोवती पन्नास बाया. पूजा सकाळी उरकावी. आभाळ वाजायला लागलं तर फेरे अर्धे राहिले तरी घराकडं निघावं. आयाबहिणींना हे सांगण्याचं काम सासरच्या पुरुषांनी करावं, कारण थांबण्याचा आग्रह पुष्कळदा घरातूनच होतो.

आता समजुती. पायाळू माणसावर वीज पडते, असं आपल्याकडे अजून मानतात. मग ढग आले की त्या एका पायाळू पोराला घरात कोंडतात आणि बाकीचे निर्धास्त खेळत राहतात. जन्माला येताना पाय आधी आले की डोकं, याचं विजेला काही देणंघेणं नाही. ती उंच, टोकदार, एकट्या उभ्या वस्तूकडं जास्त ओढली जाते. सपाट मैदानावर तशी वस्तू म्हणजे उभा माणूस. मोबाइलमुळं वीज पडते, हेही खरं नाही. भिंतीत वायर असलेला जुना फोन धोक्याचा, खिशातला मोबाइल नाही. उलट मोबाइल बंद करून ठेवला तर इशारा कसा कळणार आणि रुग्णवाहिका कशी बोलावणार? रबरी चप्पल वाचवते, हेही सोडून द्या. किलोमीटरभर हवा फाडून आलेल्या विजेला अर्ध्या इंचाचं रबर अडवत नाही. आणि एकदा पडली तिथं पुन्हा पडत नाही, हे तर साफ खोटं. उंच जागी ती पुन्हा पुन्हा पडते.

एवढं करूनही वीज पडलीच तर?

ज्याला धक्का बसला त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. त्याला लगेच हात लावा. ‘शिवू नका’ म्हणून गोल करून उभं राहण्यात जी मिनिटं जातात, त्यातच माणूस जातो. विजेनं सापडलेले बहुसंख्य लोक वाचतात, जे जातात ते मुख्यतः हृदय आणि श्वास थांबल्यानं. हृदय पुष्कळदा आपलं आपण पुन्हा सुरू होतं, पण श्वास मागंच राहतो आणि श्वासाअभावी ते पुन्हा बंद पडतं. म्हणून श्वास बंद असेल तर छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी जोरात दाबायचं, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, मोठ्या माणसाची छाती दोन इंच खाली जाईल इतकं. तोंडानं श्वास द्यायला जमत असेल तर तीस दाबांमागं दोन श्वास. दुसऱ्यानं तोवर १०८ ला फोन करायचा. वादळ अजून डोक्यावर असेल आणि जागा उघडी असेल तर आधी त्याला आडोशाला हलवायचं.

एकाच वेळी चार-पाच जण पडले असतील तर आपलं लक्ष ओरडणाऱ्याकडं जातं. ओरडणारा श्वास घेतोय. जो गप्प पडलाय, मेल्यासारखा दिसतोय, त्याच्याकडं आधी धावायचं. विजेच्या बाबतीत मेल्यासारखा दिसणारा पुष्कळदा परत येतो. बाकीच्यांनाही नंतर दवाखान्यात न्यायचंच, वरून जखम दिसत नसली तरी. कान, डोळे, नसा यांना झालेली इजा उशिरा कळते.

विजेनं गेलेल्या माणसाच्या वारसांना सरकारकडून चार लाख रुपये मिळतात. पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं, कागद तहसीलला जातात, धनादेश येतो. ही मदत हवीच. पण पत्रकातली एक ओळ छापायला किती खर्च येतो? दोन खोल्या उघडायला किती? छाती दाबायची शिकवायला डॉक्टर किंवा परिचारिका दोन तास देतील, सरावाचा पुतळा नसला तरी उशीवर दाखवतील. प्रत्येक संघातले दोन खेळाडू त्याला बसलेच पाहिजेत आणि त्यांची नावं संघाच्या यादीत वेगळी लिहिली पाहिजेत, ही अट येत्या एप्रिलच्या प्रवेश अर्जात घालता येईल. अर्जाचा मसुदा जानेवारी-फेब्रुवारीत तयार होतो, तेव्हाच हे बोलून घ्यावं. स्पर्धेच्या आदल्या रात्री फ्लेक्स बांधताना या गोष्टी कुणाच्या डोक्यात येत नाहीत.